नॉर्वेच्या बर्फात दर दोन वर्षांनी हजारो सैनिक नक्की काय करतात? (मामाशी पैज लागलीय)

पिंट्या_सातारकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पैजेपायी धागा काढायची वेळ आलीय.

झालं असं की रविवारी मामा जेवायला आला होता. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालाय, नव्वदच्या दशकात सियाचीनला जाऊन आलाय, डाव्या पायाच्या करंगळीला अजून नीट संवेदना नाही. मटण हाणून सगळे आडवे झालेलो आणि मी त्याला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. नॉर्वेत गोठलेल्या तळ्याला चौकोनी भोक पाडलंय आणि एकेक सैनिक पाठीवर सॅक, पायात स्की, अशा अवतारात त्यात उतरतोय, गळ्यापर्यंत पाण्यात, काठावर उभा असलेला साहेब त्याला काहीतरी विचारतोय आणि हा बिचारा धापा टाकत उत्तर देतोय. मला वाटलं मामा म्हणेल वा रे पठ्ठ्या. तर मामा हसायलाच लागला. म्हणे "समुद्रसपाटीला कसली आलीय रे थंडी? हवा भरपूर, खाली डांबरी रस्ता, बाजूला गाव, संध्याकाळी कॉफी. आमच्याकडं दहा पावलं टाकली की बसायला लागायचं. हे सगळं पिकनिक हाय पिकनिक."

मी म्हटलं मामा अरे इतक्या देशांचे सैनिक दर दोन वर्षांनी लष्करी सरावाला (कोल्ड रिस्पॉन्स म्हणतात त्याला) उगाच का येतात तिथं मरायला. त्यावर तो म्हणाला सिद्ध कर. एक किलो कंदी पेढ्यांची पैज लागलीय.

तर जाणकारांनी सांगा, एक म्हणजे तिथली थंडी खरंच वेगळी असते का आपल्याकडच्यापेक्षा, आणि दुसरं म्हणजे हे लोक तिथं महिनाभर नक्की करतात काय, नुसतं बर्फात पळतात का काय? आणि हो, आपली मराठा पलटण पण अलास्कात गेली होती असं कुठंतरी वाचलं होतं, ते हेच का?

बर्फाळ_बंडू

पेढ्यात माझा वाटा धरून लिहितोय. मी नार्विकजवळ राहतो, नऊ हिवाळे झाले, मूळ गाव वाई, म्हणजे आपण शेजारीच.

मामांना पहिलं हे सांग की उत्तर नॉर्वेची किनाऱ्यालगतची थंडी आकड्यात बघितली तर खरंच फुसकी वाटते. गल्फ स्ट्रीमच्या कोमट पाण्यामुळं नार्विकचं बंदर भर हिवाळ्यात पण गोठत नाही, आणि हे आर्क्टिक सर्कलच्या बऱ्यापैकी वर आहे हां. मार्चमध्ये दुपारी कधी कधी अधिक एक, अधिक दोन असतं. आणि घोळ नेमका तिथंच आहे. महाबळेश्वरला जुलैत कपडे आठवडाभर वाळत नाहीत ना, तसली ओल समज, फक्त शून्याच्या आसपास. दिवसभर वरून ओला बर्फ पडतोय, बुटात पाणी, हातमोज्यात पाणी, आणि मग रात्री आभाळ मोकळं झालं की उणे पंधरा. सकाळी जे ओलं होतं ते रात्री पत्र्यासारखं कडक. उणे पंचवीसची कोरडी थंडी परवडली असं इथले लोक स्वतः म्हणतात, कारण कोरडा बर्फ अंगावरून झटकता येतो, ओला झटकता येत नाही. आणि त्यात वारा आला की उणे पंधरा अंगाला उणे सत्तावीस लागतं (सेकंदाला १० मीटर वारा धरून, हे इथं रोजचं आहे).

कोरडी थंडी पण पाहिजे तर आहे, आत फिनमार्कच्या पठारावर जा, काराशोकला १८८६ साली उणे ५१.४ नोंदलंय. म्हणजे एकाच सरावात एक तुकडी चिखलात भिजतेय आणि दुसरी दोन-चारशे किलोमीटरवर कोरड्यात कडकडतेय असं होऊ शकतं. एकाच कपड्यात दोन्ही निभत नाही.

स्वतः बघितलेलं एक सांगतो. २०२४ च्या मार्चमध्ये मी ई-६ हायवेनं बारडुफॉसकडून घरी येत होतो, पुढं पट्ट्यावर चालणाऱ्या लष्करी गाड्यांची रांग, पाऊण तास अडकलो. शेजारी रस्त्याच्या कडेला एक पोरगा उभा, विशीचा असेल, कुठल्या देशाचा ते कळलं नाही, पांढरा कोट घातलेला. त्यानं हातमोजा काढला आणि पिळला. म्हणजे आपण फडकं पिळतो तसा पिळला आणि धार लागली पाण्याची. मग तोच हातमोजा परत घातला. गाडीत थर्मामीटर अधिक एक दाखवत होता आणि त्या रात्री आमच्याकडं उणे चौदा झालं. त्या पोराचं पुढं काय झालं माहीत नाही पण मला तो सराव कशाचा आहे ते त्या दिवशी समजलं.

आता तुझ्या व्हिडिओतलं भोक. ते शौर्य दाखवायला नसतं. गोठलेल्या तळ्या-नद्यांवरून स्कीवर जाताना बर्फ फुटू शकतो, तेव्हा काय करायचं त्याची ती तालीम. थंडगार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट फक्त श्वासाचं असतं, छाती आपोआप धापा टाकते, तेव्हा माणूस घाबरला तर पाणी आत जाऊन संपला. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात, आणि शुद्ध जायला पुढं तासभर लागतो. म्हणून तो साहेब काठावरून नाव, हुद्दा, नंबर विचारतो (ब्रिटिश मरीन्सची तर ही ठरलेली पद्धत), बोलता येतंय म्हणजे श्वास ताब्यात आला. मग सॅक पुढं बर्फावर ढकलायची, स्कीच्या काठीचं टोक बर्फात रोवून स्वतःला ओढून बाहेर काढायचं आणि लगेच कोरड्या बर्फात लोळायचं. हो, लोळायचं. भुसभुशीत बर्फ कपड्यातलं पाणी टिपकागदासारखा ओढून घेतो. मग पळत तंबूत आणि कोरडे कपडे.

अवांतर: इथल्या फौजेत आतून जाळीची लोकरी बनियन घालतात. १९३३ साली एका नॉर्वेजियन लष्करी अधिकाऱ्यानं मासे पकडायच्या जाळ्यापासून पहिली बनवली होती. जाळीच्या भोकांत हवा अडकून राहते, ती उबदार, आणि घाम अंगाला चिकटून न राहता पुढच्या कपड्यात जातो. आपल्या आजोबांचा जाळीचा गंजीफ्रॉक आठवला की नाही?

गंगाधर_टिपरे_नाही

+१ गंजीफ्रॉकला. वाचतोय.

निवृत्त_सुभेदार

पिंट्या, मामांना माझा राम राम सांग आणि पलटण कुठली ते विचार, ओळख निघेल कदाचित.

मी पण ग्लेशियर (म्हणजे सियाचीन) करून आलोय, त्यामुळं मामा हसले ते मला कळतं. आपल्या काही पोस्ट अठरा-वीस हजार फुटांवर. तिथं हवेतला ऑक्सिजन खालच्या निम्मा. भूक मरते, झोप येत नाही, डोकं जड, साधी बुटाची लेस बांधायला बसलं की दम लागतो. १९८४ ला ऑपरेशन मेघदूत (सियाचीन ताब्यात घ्यायची मोहीम) झालं तेव्हापासून तिथं गोळीपेक्षा हवामानानं जास्त जवान नेलेत. २०१६ च्या फेब्रुवारीत सोनम पोस्टवर हिमकडा कोसळला, १० जण गेले. त्यामुळं समुद्रसपाटीवर भोकात उडी मारणारा पाहून आमच्यासारख्याला हसू येणारच.

पण एक फरक मामांनी पण मान्य करावा. ग्लेशियरला आपण पोस्ट धरून बसतो. गस्त असते, पण शेवटी परत यायला एक ठरलेली जागा असते, तिथं फायबर हट आहे, बुखारी (शेगडी) आहे. नॉर्वेत हे लोक रोज चालत असतात. स्कीवर, मागं सामानाची स्लेज ओढत, संध्याकाळी तंबू ठोका, पहाटे मोडा, परत चाला. रोज घर बांधायचं रोज मोडायचं, आणि हे सगळं समोरून दुसरी पार्टी हल्ला करणार आहे असं धरून. आणि चाललं की घाम आला. थंडीत घाम हा सगळ्यात मोठा दुश्मन. आमचे उस्ताद म्हणायचे निघताना कुडकुडत निघा. नवा पोरगा सगळे कपडे घालून निघतो, अर्ध्या तासात आतून भिजतो, मग हॉल्ट झाला की दहा मिनिटांत तेच पाणी गार होऊन पाठीला चिकटतं. एवढ्यावर माणूस जातो, बंदूक न उडता.

आता "करतात काय" ते. लोकांना वाटतं लढाई शिकतात. लढाई येत असतेच, तिथं घरकाम शिकतात. रायफल रात्री तंबूत घ्यायची नाही. आत उबेत लोखंडाला घाम सुटतो, मग बाहेर नेली की ते पाणी गोठून बोल्ट जाम, म्हणून ती बाहेरच गारठ्यात ठेवायची. तेल अगदी नावाला, नेहमीचं घट्ट तेल चिकट गुळासारखं होतं. उघड्या हातानं लोखंडाला हात लावायचा नाही, कातडी चिकटून येते. पाण्याची बाटली उलटी ठेवायची कारण बर्फ वरून धरतो, उलटी असली की बूच मोकळं राहतं. प्यायचं पाणी बर्फ वितळवून करायचं आणि त्यात वेळ किती जातो ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक, ताजा भुसभुशीत बर्फ दहा भांडी घातला तेव्हा कुठं एक भांडं पाणी. आणि तहान लागतच नाही, त्यामुळं पोरं पीत नाहीत, दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात.

ओले मोजे पोटाशी धरून झोपायचं, सकाळपर्यंत अंगाच्या उबेनं वाळतात. वास येतो, येऊ दे. तंबूत स्टोव्ह पेटता असेल तर एकजण आळीपाळीनं जागा बसणार म्हणजे बसणारच, आग लागते ते वेगळं, पण बंद जागेत स्टोव्हचा धूर न दिसता मारतो. बुखारीपायी आपल्याकडं झोपेत गेलेले लोक मला माहीत आहेत, त्यावर जास्त लिहीत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोडीदाराचं नाक बघणं. हिमदंश ज्याला होतो त्याला कळत नाही कारण जागा बधीर झालेली असते. नाकाच्या शेंड्यावर, गालावर पांढरा ठिपका आला की समोरच्यानंच सांगायचं. तुकडीचा कमांडर रोज एकेकाचे पाय उघडून बघतो. फौजेत साहेबानं जवानाचे पाय बघावेत ही दृश्यं फक्त बर्फातच दिसतात.

आता मराठा पलटणीचं. बरोबर वाचलंस पण ते हे नव्हे. "युद्ध अभ्यास" हा भारत-अमेरिका दोघांचाच सराव, २०२३ मध्ये २५ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर अलास्कात फोर्ट वेनराइटला झाला, आपले साडेतीनशे जण होते आणि मुख्य पलटण मराठा लाइट इन्फंट्रीची. छाती फुगली होती बातमी वाचून. पण खरं बोलायचं तर सप्टेंबरमध्ये तिथं खरा हिवाळा लागलेला नसतो. त्याच्या आदल्या वर्षी तोच सराव आपल्याकडं औलीला झाला होता, नोव्हेंबर-डिसेंबरात, तेव्हा अमेरिकन पोरांना उंचीची चव कळली असणार.

पिंट्या_सातारकर

सुभेदार काका, काय लिहिलंय. मामाला फोनवर वाचून दाखवलं, "उस्ताद" शब्दावर एकदम गप्प झाला. पलटण विचारून सांगतो. पेढे मात्र अजून कबूल नाही, म्हणतो "अर्धं पटलं".

नकाशावेडा

उरलेल्या अर्ध्यासाठी मी येतो. जरा लांब होईल, चहा घेऊन बसा.

हा कोल्ड रिस्पॉन्स २००६ पासून नॉर्वे भरवतं, साधारण वर्षाआड, मार्चच्या सुमारास. मार्चच का, तर डिसेंबर-जानेवारीत तिथं सूर्यच उगवत नाही, ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत नुसता संधिप्रकाश. मार्चमध्ये दिवस बारा तासांवर येतो, बर्फ मात्र कमरेएवढा शाबूत असतो. म्हणजे हिवाळा पूर्ण आणि दिसतंय पण.

आणि नॉर्वेच का हे नकाशा उघडल्याशिवाय कळणार नाही. वर उजव्या कोपऱ्यात रशियाचा कोला द्वीपकल्प, तिथं सेवेरोमोर्स्कला त्यांच्या उत्तरी आरमाराचं मुख्यालय, अणुपाणबुड्या याच द्वीपकल्पावरून अटलांटिककडं निघतात. नॉर्वे-रशिया सीमा १९८ किलोमीटर. आणि नॉर्वे हा देश म्हणजे गवारीची शेंग, नार्विकच्या थोडं खाली टिसफ्योर्डपाशी खाडीपासून स्वीडनच्या हद्दीपर्यंत जमीन उरते फक्त ६.३ किलोमीटर. बंडू ज्यावर अडकला तो ई-६ हाच उत्तरेकडं जाणारा मुख्य रस्ता, आणि तोही मध्ये फेरीबोटीनं खाडी ओलांडतो. म्हणजे उद्या उत्तरेत काही झालं तर कुमक समुद्रातून उतरवायची नाहीतर स्वीडनमधून आणायची. म्हणून या सरावात जहाजावरून मरीन उतरवणे हा मोठा भाग असतो.

स्वीडनचं गणित आता बदललं, हेच या सगळ्यातलं मला सगळ्यात भारी वाटतं. २०२० चा सराव करोनामुळं मध्येच गुंडाळला. २०२२ मध्ये २७ देशांचे सुमारे ३० हजार सैनिक आले, आणि लोकांना वाटलं युक्रेनमुळं घाईत केला, पण तो आधीपासून ठरलेला होता. २०२४ मध्ये नाव बदलून नॉर्डिक रिस्पॉन्स झालं कारण फिनलंड आदल्या एप्रिलमध्ये नाटोत (अमेरिका-युरोपच्या लष्करी गटात) आला होता आणि सराव नॉर्वे, स्वीडन, फिनलंड तिघांच्या उत्तर भागात मिळून झाला, ३ ते १४ मार्च, १३ देश, २० हजारांवर सैनिक. आणि ७ मार्चला, म्हणजे सराव चालू असताना मध्येच, स्वीडन नाटोचा सदस्य झाला! बाहेरून परीक्षेला बसलेल्या पोराला तिसऱ्या पेपरला कॉलेजात ॲडमिशन मिळावी तसं. आता स्वीडनमधलं किरुना ते नार्विक ही जुनी लोखंडाच्या खनिजाची रेल्वे एकाच गटात आली. १९४० मध्ये हेच स्वीडिश लोखंड याच बंदरातून जातं म्हणून नार्विकसाठी जर्मन आणि दोस्त राष्ट्रं भांडली होती.

वेगवेगळ्या देशांनी एकत्र का यायचं, तर बर्फात प्रत्येकाचं सामान वेगळं अडतं. एकाच्या डिझेलचं थंडीत मेण होतं, दुसऱ्याच्या रेडिओची बॅटरी सकाळी मरते, तिसऱ्याची गाडी मुळात वाळवंटासाठी घेतलेली. वर पूर्व फिनमार्ककडं जीपीएस मध्येच गायब होतं, २०१८ च्या मोठ्या सरावाच्या वेळी नॉर्वेनं त्यासाठी उघडपणे रशियाकडं बोट दाखवलं होतं, म्हणजे कागदी नकाशा आणि होकायंत्र आलंच. आणि बंडूनं बघितल्या त्या पट्ट्यावरच्या गाड्या म्हणजे बहुधा स्वीडिश बँडव्हॅग्न, दोन डबे मध्ये जोडलेले. त्याच घराण्यातली पुढची चिलखती गाडी आता आपली फौज पण घेतेय, "सिंधू" नावानं, गुजरातेत हजिऱ्याला बनणार आहे. त्यामुळं "आपला काय संबंध" असं अगदीच नाही.

आता मामांच्या "पिकनिक"ला उत्तर. ५ मार्च १९८६, नार्विकजवळ वासदालेन, अँकर एक्सप्रेस नावाचा नाटो सराव. नॉर्वेच्या इंजिनियर तुकडीचे ३१ जण दरीतून गाड्यांसाठी वाट काढत होते, हिमकडा कोसळण्याचा धोका आहे असं आधी कळवलेलं होतं, तरी तुकडी गेली. कडा कोसळला, १६ पोरं गेली. सराव तिथंच बंद केला. १५ मार्च २०१२, कोल्ड रिस्पॉन्समध्येच नॉर्वेचं हर्क्युलस विमान एव्हेनेसहून किरुनाला जाताना स्वीडनच्या सगळ्यात उंच केबनेकाइसे डोंगरावर आदळलं, आतले पाचही गेले. १८ मार्च २०२२, अमेरिकन मरीन्सचं ऑस्प्रे विमान बेयार्नच्या दरीत पडलं, चार गेले, तपासात निघालं की दरीत कमी उंचीवर वाजवीपेक्षा जास्त कलून वळणं घेतली. तीनही अपघात मार्चमधले, तीनही डोंगरात, आणि एकातही समोर शत्रू नव्हता. हे मामांना वाचून दाखव.

शंकासुर

सगळं छान, माहिती भारी, पण कोणीतरी विचारायलाच हवं. रशियाच्या दारात ३० हजार माणसं नेऊन "आम्ही फक्त मोजे वाळवायला शिकतोय" म्हणायचं हे जरा अति नाही का होत? आपल्या सीमेजवळ शेजाऱ्यानं असं केलं तर आपण काय म्हणू? आणि तिथं रेनडिअर पाळणारे सामी लोक आहेत ना, त्यांना कोणी विचारतं का?

नकाशावेडा

शंका रास्त आहे. ताकद दाखवणं हा हेतू असतोच, तो कोणी लपवत पण नाही. पण लपूनछपून नसतं एवढं म्हणता येईल. व्हिएन्ना डॉक्युमेंट नावाचा करार आहे, त्यात जमिनीवर ९ हजारांच्या वर सैनिक असले की ४२ दिवस आधी सगळ्यांना कळवायचं आणि १३ हजारांच्या वर गेले की निरीक्षकांना बोलवायचं असं ठरलंय. २०२२ ला रशियाला बोलावणं होतं, त्यांनी नको म्हटलं. आणि नॉर्वेनं १९४९ पासून एक पथ्य पाळलंय की शांततेच्या काळात परक्या फौजेचा कायमचा तळ आपल्या भूमीवर नको. सराव करा आणि घरी जा. अर्थात ते पथ्य आता किती पातळ झालंय यावर वेगळा धागा होईल आणि त्यात आपण दोघं भांडू.

शंकासुर

भांडू. तू धागा काढ, मी येतो.

बर्फाळ_बंडू

रेनडिअरचं मी सांगतो कारण ते इथं दर वेळी पेपरात येतं. मार्च म्हणजे रेनडिअरच्या माद्या गाभण, मेमध्ये वितात. आधीच हिवाळाभर बर्फ उकरून शेवाळ खाऊन रोडावलेल्या असतात, त्यात डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं की कळप उधळतो, आणि उधळलेला कळप परत गोळा करायला माणसाला दिवसच्या दिवस लागतात. बर्फावरून जड गाड्या गेल्या की बर्फ दाबून टणक होतो, मग खालचं शेवाळ खुरानं उकरता येत नाही. लष्कर आधी कळपवाल्यांशी बोलतं, वाटा ठरवतात, भरपाई पण असते. तरी दर वेळी कुरबुर असतेच. माझ्या ओळखीचा एक सामी म्हातारा आहे, त्याला मी विचारलं होतं की तुला सैनिकांचा राग येतो का, तर म्हणाला राग नाही येत, पण दर वेळी त्यांना बर्फात रुतलेलं बाहेर काढायला मलाच बोलावतात.

ड्रोनवाली_ताई

बॅटरीचा विषय निघालाच आहे तर दोन ओळी. आम्ही मनालीच्या वर जानेवारीत सर्व्हेचं काम केलंय, फौजेचा संबंध नाही, पण खाली वीस-पंचवीस मिनिटं उडणारं ड्रोन तिथं निम्म्यात खाली बोंब मारायचं. लिथियम बॅटरी गारठली की आतून करंटच देत नाही, चार्ज दाखवते आणि अचानक बसते. शेवटी आम्ही बॅटऱ्या स्वेटरच्या आत, अगदी पोटाशी ठेवून फिरायचो आणि उडवायच्या वेळीच लावायचो. सुभेदार काकांचे मोजे आणि आमच्या बॅटऱ्या एकाच जागी. आणि पंख्याच्या पात्यांवर बर्फ धरतो तो वेगळाच, ओल्या थंडीत तो जास्त धरतो, म्हणजे बंडू म्हणतात तेच.

निवृत्त_सुभेदार

ताई, पोटाला सुट्टी नाही म्हणजे कोणाच्याच.

पिंट्या_सातारकर

मंडळी, निकाल लागलाय पण जरा विचित्र लागलाय.

काल संध्याकाळी मामाकडं गेलो आणि सगळा धागा पहिल्यापासून वाचून दाखवला. वासदालेनला सोळा जण गेले ते ऐकून त्यानं परत वाचायला लावलं, "कळवलं होतं तरी गेले?" एवढंच विचारलं. मग बंडूनं त्या पोराचा हातमोजा पिळतानाचं लिहिलंय ते आलं आणि मामा उठून आतच गेला. मला वाटलं चिडला. पाणी पिऊन आला आणि म्हणाला, करंगळीचं तुला खरं कधी सांगितलं नाही.

आम्ही सगळे लहानपणापासून धरून चाललेलो की करंगळीची संवेदना वर पोस्टवर गेली. तसं नव्हतं. वर तीन महिने काढले, काही झालं नाही, वर सगळं कोरडं, आणि साहेब रोज पाय बघायचे. टर्म संपवून खाली उतरताना शेवटच्या टप्प्यात ऊन होतं, बर्फ मऊ झालेला, बुटात पाणी शिरलं. खाली पोचल्यावर मोजे बदलायचे होते पण सुट्टीवर जाणारी गाडी सुटत होती, पुढची दोन दिवसांनी, घरी माझी आई वाट बघत होती (आईचं लग्न ठरलेलं तेव्हा). तसाच ओल्या बुटात गाडीच्या मागं बसला, रात्रभर प्रवास, रात्री गारठा पडला. सकाळी बूट काढला तर बोट पांढरं. म्हणजे ग्लेशियर सोडून खाली आल्यावर, डांबरी रस्त्यावर, गाडीत बसून झालं ते. लाजेपायी कोणाला सांगितलं नाही म्हणे, पलटणीत पण नाही, एवढा ग्लेशियर करून आलेला माणूस आणि बोट बधीर झालं ट्रकमध्ये.

तर पेढे कबूल झालेत. पण एक किलो नाही, अर्धाच, कारण उंचीचा मुद्दा सुभेदार काकांनीच त्याच्या बाजूनं मांडला असं त्याचं म्हणणं आहे. बंडू, वाईला कधी येणार तेव्हा सांग, तुझा वाटा बाजूला काढून ठेवतो (टिकणार नाही फार दिवस).

काका, पलटणीचं त्यानं सांगितलंय, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय. आणि बंडू, मामा विचारतोय ती जाळीची लोकरी बनियन ४२ छातीत मिळते का.